पाच हजारांचं तिकीट, परत सहाशे छत्तीस

आत्याचं पुणे-नागपूर विमानाचं तिकीट होतं. नागपूरला साखरपुडा ठरला होता, तो मुलाकडच्या कुणाच्या तरी आजारपणामुळे पुढे ढकलला. तिकीट ओळखीच्या एजंटाकडून काढलेलं, ५,१३६ रुपयांना. आत्याने एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, "काकू, नॉन-रिफंडेबल आहे, विसरून जा." आत्या विसरणाऱ्यांतली नाही. संध्याकाळी मला फोन.

"अरे, अजून सहा दिवस आहेत. माझी सीट ते दुसऱ्याला विकणारच ना? कदाचित जास्त पैशांना. मग माझे पैसे कशाला ठेवून घेतात?"

प्रश्न इतका सरळ होता की मला पटकन उत्तर देता आलं नाही. एसटीचं आरक्षण रद्द केलं की काही टक्के कापून बाकी परत मिळतात. रेल्वेत वर्गाप्रमाणे आणि गाडी सुटायला किती तास आहेत त्याप्रमाणे कपात होते, आणि ती साधारणपणे एका डब्यातल्या सगळ्यांना सारखी. विमानात मात्र एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला रद्द केल्यावर जवळपास सगळं परत मिळतं आणि दुसऱ्याला चहा-नाश्त्यापुरतं. खुर्ची तीच, खिडकी तीच, पोहोचायची वेळ तीच.

आत्याचा प्रश्न बाजूला ठेवून मी आधी तिचं तिकीट मागवलं, कारण "नॉन-रिफंडेबल" हा शब्द ऐकून सगळे पैसे गेले असं समजणं हीच पहिली चूक असते.

तिकिटावरच्या रकमेचे दोन भाग पडतात. एक कंपनीचा आणि एक कंपनीचा नसलेला. आत्याच्या तिकिटात मूळ भाडं ३,६०० आणि इंधन अधिभार ४०० होता. हे ४,००० कंपनीचे. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २००. मग विमानतळावरच्या सुरक्षेचं शुल्क २३६, आणि यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरल्याबद्दल विमानतळ चालवणाऱ्याला जाणारा आकार, ४००. हे सगळं मिळून ४,८३६. वरचे ३०० एजंटाचे.

सुरक्षा शुल्क आणि यूडीएफ कंपनी फक्त गोळा करून पुढे पोचवते. तुम्ही विमानात चढलाच नाहीत, विमानतळ वापरलाच नाहीत, तर ते पैसे ठेवून घ्यायला कंपनीकडे काही कारणच उरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम इथे अगदी स्पष्ट आहे: तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरीही सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यायचे. सेलमधलं तिकीट असो, प्रमोशनल असो, मूळ भाडं "नॉन-रिफंडेबल" असो, या भागाला ती अट लागू होत नाही.

त्याच नियमात दुसरी एक मर्यादा आहे, आणि ती १ ऑगस्ट २०१६ पासून लागू आहे. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. त्याआधी एका तिकिटामागे ठरावीक रक्कम कापायची पद्धत होती, आणि स्वस्त तिकिटावर ती कपात भाड्याहून मोठी व्हायची. सेलमध्ये हजार-दीड हजाराला तिकीट घेतलेल्या माणसाला रद्द करून काहीच मिळत नसे. आता कंपनीच्या साइटवर कपातीचा आकडा कितीही मोठा छापलेला असला तरी आत्याच्या बाबतीत कमाल कपात ४,०००. रिफंड देण्याचं काम केलं म्हणून वेगळा आकारही कंपनीला लावता येत नाही.

जीएसटीचं मात्र थोडं किचकट आहे. कंपनीने जे ४,००० ठेवून घेतले, त्या रकमेवरही मूळ सेवेच्याच दराने कर लागतो, असा खुलासा सरकारने २०२२ मध्ये केला होता. इकॉनॉमी क्लासला ५ टक्के, म्हणजे पुन्हा तेच २००. म्हणून ते २०० मी हिशेबात धरले नाहीत. उरले २३६ अधिक ४००.

"सहाशे छत्तीस," मी आत्याला सांगितलं.

"म्हणजे विसरून जा म्हणाला तो एजंट, त्यात माझे सहाशे छत्तीस होते?"

होते. आणि असे सहाशे-सातशे रुपये किती लोक सोडून देतात याचा विचार केला की वाईट वाटतं. लग्नाला जाणारं सात जणांचं कुटुंब असेल तर हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास जातो. सामान्यतः लोक म्हणतात, "रद्द करून काय मिळणार, राहू दे," आणि तिकीट तसंच वाया जाऊ देतात. याला या धंद्यात नो-शो म्हणतात. नो-शो झाल्यावरही कराचे पैसे मागता येतात, पण काही कंपन्या ते आपणहून देत नाहीत, अर्ज करावा लागतो. त्यापेक्षा विमान सुटायच्या आधी, कंपनीने ठरवलेल्या वेळेच्या आत (देशांतर्गत प्रवासाला ही वेळ साधारण दोन-तीन तासांची असते) रद्द करून टाकणं कधीही सोपं.

आता आत्याचा मूळ प्रश्न. खुर्ची ते परत विकणार असतील तर पैसे का ठेवतात?

याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड या माणसाने एक छोटा नियम मांडला. समजा विमानात १८० खुर्च्या आहेत. काही लोक महिनाभर आधी येतात आणि ४,००० च्या वर द्यायला तयार नसतात. काही लोक शेवटच्या दोन दिवसांत येतात, त्यांना जायचंच असतं आणि ते १०,००० देतात. आज काउंटरवर ४,००० वाला उभा आहे. त्याला खुर्ची द्यायची, की १०,००० वाल्यासाठी राखून ठेवायची? लिटलवुडचं उत्तर असं: ती खुर्ची पुढे १०,००० ला जाण्याची शक्यता ४० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर राखा, नाहीतर आत्ताच ४,००० ला देऊन टाका. ४,००० भागिले १०,०००, बस. भाजीवाला संध्याकाळी मेथीची जुडी किती वाजता स्वस्त करायची हे ज्या अंदाजाने ठरवतो, त्याच जातीचा हा हिशेब आहे. फरक इतकाच की भाजी स्वस्तापासून महाग होत नाही, विमानाची खुर्ची होते. आणि विमान एकदा उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य.

हिशेब छान, पण त्याला एक भोक होतं. १०,००० वाला काही वेडा नाही. तोही महिनाभर आधी ४,००० चं तिकीट काढून ठेवेल, मीटिंग पुढे गेली तर रद्द करेल, पुन्हा काढेल. रद्द करणं फुकट असेल तर प्रत्येक ऑफिस सोमवार, मंगळवार आणि बुधवार अशी तीन-तीन तिकिटं काढून ठेवेल आणि त्यातली दोन शेवटच्या दिवशी परत करेल. मग कंपनीकडे महाग खुर्ची विकायला गिऱ्हाईकच उरणार नाही.

म्हणून कुंपण घालायचं. स्वस्त तिकिटाभोवती अशा अटी लावायच्या की सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबाला त्या फारशा टोचणार नाहीत, पण कामासाठी फिरणाऱ्याला टोचतील. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ मध्ये 'सुपर सेव्हर' भाडं आणलं ते याच विचाराने: बरंच आधी काढायचं, आणि तिकडे किमान काही दिवस मुक्काम करायचा. पुढे अमेरिकेत शनिवारची रात्र तिकडे काढायची ही अट फार चालली. कामासाठी गेलेला माणूस शनिवारी घरी परततो, सहलीला गेलेला थांबतो. इतक्या साध्या गोष्टीवरून कंपनी ओळखत असे की समोरचा कोण आहे.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. १९८१ मध्ये पीपल एक्स्प्रेस नावाची अतिस्वस्त कंपनी उतरली आणि तिने जुन्या कंपन्यांची झोप उडवली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ च्या जानेवारीत तिला उत्तर दिलं. पीपल एक्स्प्रेसच्या तोडीस तोड स्वस्त भाडी, पण मोजक्याच खुर्च्यांवर आणि रद्द केल्यास दंडाच्या अटीसह. बाकीच्या खुर्च्या पूर्वीच्याच भावाने. कोणत्या विमानात किती खुर्च्या स्वस्तात सोडायच्या हे संगणक ठरवत होता. पीपल एक्स्प्रेस सुमारे दोन वर्षांत संपली. आज आपण जी "नॉन-रिफंडेबल, ६,५०० चेंज फी" अशी ओळ वाचतो, तिचं बीज त्या लढाईत पडलं.

आपल्याकडे हे उशिरा आलं. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, आणि सामान्य माणसाला सेलमधलं तिकीट म्हणजे काय हे २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने दाखवलं. त्यांच्या एक रुपयाच्या तिकिटांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. स्वस्त भाडं आणि कडक अटी ही जोडी तेव्हापासून आपल्याही अंगवळणी पडली.

तेव्हा आत्याला दिलेलं उत्तर असं: ४,००० मध्ये तू फक्त खुर्ची घेतली नव्हतीस. "मी बेत बदलणार नाही" असं कबूल करून, त्या बदल्यात खुर्ची स्वस्तात घेतली होतीस. ते ४,००० रिकाम्या खुर्चीची भरपाई म्हणून कापत नाहीत. कुंपण खरं आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून कापतात. एकाला सोडलं तर दुसराही उडी मारणार.

"पण माझ्या जागी ती सीट नऊ हजाराला विकली तर?"

तर कंपनीला त्या एका खुर्चीचे तेरा हजार मिळाले. हिशेबाला धरून आहे. न्यायाला धरून आहे असं मी म्हणणार नाही. या कुंपणाची रचनाच अशी की ते घातलं ऑफिसच्या प्रवाशाला अडवायला, आणि अडकते आजारपणामुळे बेत बदललेली आत्या. ऑफिसवाल्याचे पैसे त्याच्या कंपनीचे, तो फ्लेक्सी, म्हणजे महाग पण सहज बदलता येणारं, तिकीट घेऊन मोकळा होतो.

तिकिटावरचं एक अक्षर

एकाच विमानात इकॉनॉमीच्या दहा-बारा किमती असतात, आणि प्रत्येक किमतीला एक अक्षर असतं. ई-तिकिटावर "फेअर बेसिस" किंवा "क्लास" या शब्दांपुढे इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो, त्यातलं पहिलं अक्षर साधारणपणे तुमचा कप्पा सांगतं. बऱ्याच पारंपरिक कंपन्यांमध्ये 'वाय' म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी. बाकी अक्षरांचा क्रम प्रत्येक कंपनीचा आपापला. त्या कोडमागे लांबलचक नियमपत्रिका असते. जगभरातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची भाडी ज्या एका संस्थेमार्फत, एटीपीसीओमार्फत, एजंटांच्या संगणकावर पोचतात, तिच्या पद्धतीत या नियमांना क्रमांक आहेत: किती दिवस आधी काढायचं ते ५, किमान मुक्काम ६, कमाल मुक्काम ७, आणि दंड १६. अनुभवी एजंट म्हणूनच ग्राहकाला "थांबा, कॅटेगरी सोळा बघतो" असं म्हणतो. तुमचा एजंट असं म्हणत असेल तर त्याला धरून ठेवा.

आपल्याला एवढं खोलात जायची गरज नाही, पण पैसे भरायच्या आधी "फेअर रूल्स" नावाची बारीक अक्षरातली लिंक एकदा उघडायची. तिथे तीन आकडे बघायचे. रद्द केल्यास किती, तारीख बदलल्यास किती, आणि कधीपर्यंत. तारीख बदलताना दंडाशिवाय भाड्यातला फरकही भरावा लागतो, हे लोक विसरतात. "चेंज फी शून्य" अशी जाहिरात असलेल्या तिकिटाची तारीख दिवाळीच्या आठवड्यात ढकलून बघा, शून्य किती महाग असतं ते कळेल. काही कंपन्यांत प्रवासाला चार दिवसांपेक्षा जास्त अवधी असेल तर कपात कमी असते आणि त्यानंतर वाढते, म्हणून बेत डळमळीत वाटायला लागला की हा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

"झिरो कॅन्सलेशन" म्हणून दोन-चारशे रुपये जादा घेऊन जे विकतात त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते बहुतेक वेळा पोर्टलचं किंवा विमा कंपनीचं उत्पादन असतं, त्याला वरची मर्यादा असते आणि वेळेची अटही असते. वारंवार बेत बदलणाऱ्याला ते परवडेल. वर्षातून एकदा नागपूरला जाणाऱ्या आत्याला नाही.

एक मुभा मात्र फुकट आहे आणि ती वापरणारे फार कमी. डीजीसीएच्या नियमात तिकीट काढल्यापासून ठरावीक तासांत ते रद्द करण्याची किंवा बदलण्याची सोय आहे, तीही दंडाशिवाय, मात्र प्रवास काही दिवस पुढे असायला हवा. बदललेल्या विमानाचं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक भरायचा. आधी हे तास २४ होते, नोव्हेंबर २०२५ मध्ये ते ४८ वर नेण्याचा मसुदा डीजीसीएने मांडला, तेव्हा तिकीट काढाल त्या दिवशीचा आकडा कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. कंपनीच्या साइटवरून थेट काढलेल्या तिकिटात नावाची चूक २४ तासांत दाखवली तर तीही फुकट दुरुस्त करून द्यावी लागते.

नावाच्या बाबतीत मराठी घरांत हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे लग्नानंतर कुणाचं फक्त आडनाव बदलतं, कुणाचं मधलं नाव, कुणाचं सगळंच. आधार कार्डावर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि हनिमूनचं तिकीट काढणाऱ्या दिराने मोबाइलमध्ये जतन केलेलं तिसरंच काहीतरी. तिकीट काढताना जे ओळखपत्र विमानतळावर दाखवणार, त्याच्यावरचं नाव अक्षर न् अक्षर बघून टाका. कारण स्पेलिंगची दुरुस्ती होते, माणसाची अदलाबदल होत नाही. आत्याने विचारलंच होतं, "मग माझ्याऐवजी तुझ्या काकांना पाठवू का?" नाही. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि कारण सुरक्षेपुरतं नाही. करता आलं असतं तर कुणीतरी मे महिन्याची पाचशे तिकिटं जानेवारीत उचलून ठेवली असती आणि सुट्टीत चढ्या भावाने विकली असती. कुंपणाला तिथेच मोठं खिंडार पडलं असतं.

एजंट मंडळींकडे आणखी एक प्रकार असतो, ग्रुप फेअर किंवा सिरीज फेअर. काश्मीर, लेह, केरळ अशा हंगामी सहलींसाठी टूरवाले विमानातल्या वीस-तीस खुर्च्या महिनेमहिने आधी ठोक भावाने उचलतात. त्यातली उरलेली तिकिटं मग स्वस्तात बाहेर येतात. भाव चांगला मिळतो, पण ही तिकिटं बहुधा ना बदलता येतात ना रद्द करता येतात, आणि पीएनआर प्रवासाच्या अगदी तोंडावर हातात पडतो. "भाव इतका कमी कसा?" एवढं एजंटाला विचारलं की उत्तरातून सगळं कळतं.

परदेशी तिकिटांची एक वेगळीच खोच आहे. मुलगा-सून अमेरिकेत, आई-बाबा सहा महिन्यांसाठी निघालेले, तिकीट पुणे-दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को आणि परत. बाबा म्हणतात, दिल्लीला नाहीतरी बहिणीकडे चार दिवस राहायचंय, आम्ही रेल्वेने जातो, पुण्याचं विमान सोडून देऊ. सोडायचं नाही! एका तिकिटातले टप्पे क्रमाने वापरावे लागतात. पहिला टप्पा न सांगता सोडला की संगणक पुढचे सगळे टप्पे रद्द करतो, परतीसकट. दिल्ली विमानतळावर बाबांना कळतं की त्यांच्या नावाने जागाच नाही. यामागेही तेच कुंपण: पुणे-सॅन फ्रान्सिस्को भाडं कधीकधी दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा स्वस्त असतं, आणि कुणी स्वस्त तिकीट घेऊन मधूनच चढू नये अशी कंपनीची इच्छा. बेत बदलला तर आधी कंपनीला फोन करून तिकीट नव्याने काढून घ्यायचं, फरक पडेल तो भरून.

हेच तिकीट मुलाने अमेरिकेतून काढलं असेल तर तिथला नियम कामी येतो. प्रवास किमान सात दिवस पुढे असेल तर कंपनीने एकतर भाडं २४ तास राखून ठेवायचं किंवा २४ तासांत फुकट रद्द करू द्यायचं, हा नियम तिकडे २०१२ पासून आहे. व्हिसाची मुलाखत व्हायच्या आधी नॉन-रिफंडेबल तिकीट काढणाऱ्यांना मात्र कुठलाच नियम वाचवत नाही.

विमान त्यांनीच रद्द केलं तर

इथे सगळं उलटं होतं, आणि म्हणूनच घाई करून आपण आधी रद्द करू नये. मुंबईत जुलैच्या पावसात किंवा दिल्लीत जानेवारीच्या धुक्यात आपलं विमान उडेल असं वाटत नसलं तरी थांबावं. आपण रद्द केलं तर दंड, त्यांनी रद्द केलं तर तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, आपण म्हणू ते. विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तरीही दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड मागता येतो. थांबताना एक नजर फक्त नो-शोच्या वेळेवर ठेवायची.

वेळेत न कळवता रद्द केलं तर भरपाईही आहे. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५००, त्याहून लांबच्या प्रवासाला १०,०००. पण पुढे तीन शब्द आहेत, "यातलं कमी ते", आणि तुलना आहे एका बाजूच्या मूळ भाडं अधिक इंधन अधिभाराशी. म्हणजे आत्याचं नागपूरचं विमान ऐनवेळी रद्द झालं असतं तर ७,५०० नाही, ४,००० मिळाले असते, रिफंड वेगळा. हवामान, संप, सुरक्षेचं कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींना भरपाई नाही.

या नियमातली एक अट मी सगळ्यांना सांगत सुटलोय. बुकिंगच्या वेळी प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई मिळत नाही. आणि एजंट बुकिंग करताना कुणाचा मोबाइल नंबर टाकतो? स्वतःचा. आत्याच्या तिकिटावरही त्याचाच होता.

पैसे कधी येतात? कंपनीकडून थेट कार्डाने काढलं असेल तर सात दिवसांत. एजंट किंवा पोर्टलकडून काढलं असेल तर २०१६ च्या नियमात ३० कामकाजाचे दिवस होते, आजची मुदत कंपनीच्या साइटवर पाहून घ्या, आणि जबाबदारी तरीही विमान कंपनीचीच, कारण एजंट तिचा प्रतिनिधी. "ते एजंटाला विचारा" हे उत्तर नियमात बसत नाही. पैशांऐवजी क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी जमा रक्कम, घ्यायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं. कोविडच्या टाळेबंदीत कंपन्यांनी सरसकट क्रेडिट शेल माथी मारले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करायला सांगितले गेले. क्रेडिट शेलमध्ये पैसा अडकवण्याआधी एप्रिल २०१९ मधली जेट एअरवेज आणि मे २०२३ मधली गो फर्स्ट आठवावी. दोन्ही कंपन्यांची विमानं जमिनीवर आली तेव्हा हजारो लोकांचे पैसे आत होते. कार्डाने भरले असतील तर अशा वेळी बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम परत, मागता येतो, हा त्यातल्या त्यात दिलासा.

पैसे आले नाहीत तर आधी कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या, अधिकाऱ्याला लेखी, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तिकीट, रद्द केल्याची पोच आणि फेअर रूल्सचा स्क्रीनशॉट जवळ असला म्हणजे झालं.

आत्याने यातलं काही केलं नाही. तिने एजंटाला पुन्हा फोन केला आणि डीजीसीए, मूळ भाडं, यूडीएफ असे तीनच शब्द एका दमात म्हटले. त्याने मुकाट्याने तिकीट रद्द केलं. अठरा दिवसांनी ६३६ आले, पण तिच्या खात्यात नाही, एजंटाच्या वॉलेटमध्ये. "पुढच्या तिकिटात वळते करतो काकू," तो म्हणाला. साखरपुड्याची नवी तारीख आता निघाली आहे, आणि या वेळी तिकीट काढताना आत्या त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होती, स्वतःचा मोबाइल नंबर मोठ्याने सांगत, दोनदा.